जनूशेठ आणि गावकीची भांडी

जनूशेठना मी त्यांच्या स्वतःच्या खुर्चीवर एकदाच बसलेलं पाहिलं. उल्हासनगरात, कॅम्प तीनमध्ये, चेन-बटणांच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. काचेच्या केबिनमधली त्यांची उंच पाठीची काळी खुर्ची कायम रिकामी असायची आणि शेठ बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकावर, दाराकडे तोंड करून. नवा माणूस जिना चढून आला की नेमका त्यांनाच विचारायचा, "शेठ किधर है?" ते बोटाने केबिन दाखवायचे. माणूस आत जाऊन, रिकामी खुर्ची बघून बाहेर येईपर्यंत ह्यांनी त्याला पुरता न्याहाळलेला असायचा. मग म्हणायचे, "बसा. मीच तो."

शेठ आगरी. बदलापूरच्या पलीकडे, नदीच्या अंगाला त्यांचं गाव. वडिलार्जित शेती बरीचशी इमारतींखाली गेली होती. उरलेल्या तुकड्यात ते हट्टाने भात लावत आणि ऑफिसात येताना कधीकधी पायाला चिखल घेऊन येत. केबल टीव्हीच्या काळात त्यांनी घरोघर वायरी टाकल्या, पुढे त्याच वाटेने इंटरनेट नेलं. मी तिथे लागले तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथली घरं, छोटे कारखाने, शिवणकामाचे गाळे असा त्यांचा पसारा होता. मी बदलापूरच्या कात्रपला राहणारी, नवऱ्याची नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात. माझ्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार आणि सरकारी कागद. पहिल्याच दिवशी शेठनी सांगितलं, "मॅडम, मना इंग्लिश समजतं. फकस्त त्येचा कंटाला येतो. तुमी वाचा, मी ऐकतो."

त्यांची ऐकण्याची तऱ्हा होती. डोळे मिटून घ्यायचे आणि उजव्या हाताने गुडघा चोळत राहायचे. हात चालू आहे तोवर मी वाचत राहायचं. हात थांबला की त्यांची काहीतरी हरकत आहे, म्हणजे मीही थांबायचं. हे मला कोणी शिकवलं नाही, आठवडाभरात आपोआप कळलं. टपालातून आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांवर हात थांबे, कारण शेठना बहुतेक गोष्टींवर हरकत असे.

माणूस भांडखोर होता, हे इथेच सांगून टाकते. आवाज असा की खालच्या दुकानातला बटणं मोजणारा नोकरही वर बघे. पण भांडणात त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या वायरी एका सिंधी कापडवाल्याच्या पाटीवरून लोंबत होत्या. त्याने पालिकेत तक्रार केली आणि वर येऊन आम्हाला यथेच्छ सुनावलं. "साईं, मेरा बोर्ड दिखता नहीं, कस्टमर को क्या तेरी तार दिखाऊँ?" शेठनीही त्याच पट्टीत त्याचा समाचार घेतला. तो गेल्यावर आमचा लाइनमन राजेश म्हणाला, "शेठ, ह्याची लाइन उडवू का? दोन दिवसांत हात जोडत येईल." शेठ उलट राजेशवरच उखडले.

"तो आपल्याशी भांडतो ना? मंग त्येची लाइन जास्ती संबाल. भांडन चालू असताना कापायची नाय. कापशील तं लोक काय म्हनतील? जनू घाबरला."

वायरी पुढे वर ओढून घेतल्या. दिवाळीला कापडवाल्याकडून मिठाई आली. शेठनी ती खाल्ली आणि साखर जास्त आहे म्हणून त्याला फोन करून पुन्हा भांडले. मला तेव्हा हा सगळा निव्वळ हटवादीपणा वाटला होता.

आता थोडं आमच्या धंद्यातलं सांगायला हवं. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक नंबरी पत्ता लागतो. हे पत्ते कोणी मनाला येईल तसे घेत नाही. जगाचे पाच भाग केलेले आहेत आणि प्रत्येक भागासाठी एक नोंदणी संस्था आहे. कुठला गठ्ठा कोणाकडे, ह्याची नोंद ती ठेवते, आणि त्या नोंदीवर भरवसा ठेवूनच बाकीचं जग तुमच्याशी बोलतं. ह्या संस्था सरकारी नाहीत, सभासदांच्या आहेत. शेठ त्या पत्त्यांना 'आपली जागा' म्हणत. "जमीन नवी होत नाय, आन ह्ये जुने नंबर पन नवे होत नाय," असं ते प्रत्येक नव्या कामगाराला ऐकवत, आणि त्या बिचाऱ्याला कळलं की नाही ह्याची चौकशी करत नसत.

मग दुसऱ्या एका खंडातली नोंदणी संस्था कोर्टकचेरीत अडकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. तिथे कारभारी मंडळच धड उभं राहीना. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की ज्या नियमांवर ह्या संस्थांना मान्यता मिळते ते वीस वर्षांहून जुने आहेत. नवी संस्था मान्य कशी करावी, हे त्यांत व्यवस्थित होतं. मान्य केलेली बिघडली तर काय करावं, ह्यावर चकार शब्द नव्हता. म्हणून नियम नव्याने लिहायला घेतले, मसुदा जगापुढे ठेवला आणि सगळ्यांकडून सूचना मागवल्या. ती मेल आम्हालाही आली. आमच्यासारख्या बारक्या कंपन्या असल्या मेल उघडत नाहीत. मीही ती बाजूला सारणार होते. शेठ म्हणाले, "वाचा."

मी दुपारच्या दुपारी वाचत बसले. शेठचा हात बराच वेळ चालू राहिला आणि मग थांबला.

"म्हंजे लगीन कसं लावायचं तेवढं लिव्हलं व्हतं. पोरगी नांदली नाय तं काय, ते लिव्हलं नाय."

"आता लिहितायत, शेठ."

"उशिरानंच सुचतं सगल्यांना. पुढं वाचा."

पुढे मसुद्यात बरंच होतं. संस्थेची तपासणी, सुधारायची संधी, नाहीच सुधारली तर मान्यता काढून घेणं, आणि मधल्या काळात तिचं काम दुसऱ्या कोणीतरी चालवणं. ह्या शेवटच्या मुद्द्याला शेठनी डोळे उघडले. "मॅडम," ते म्हणाले, "ही तं आमच्या गावकीची गोष्ट हाय."

गावकी म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची मिळून बैठक. तिला ना ऑफिस, ना शिक्का. देवळाची जत्रा, स्मशानाची वाट, बांधाबांधावरचे तंटे ती बघते. आणि तिच्या मालकीची भांडी असतात: मोठाले टोप, पराती, झारे, पाण्याची पिंपं, घराघराने वर्गणी घालून जमवलेली. ज्या घरी हळद, लग्न किंवा उत्तरकार्य, त्या घरी ती जातात आणि घासूनपुसून परत येतात. परवानगी मागायची नसते, नुसतं आधी सांगून ठेवायचं. भांड्यांच्या खोलीची किल्ली एका पंचाकडे राहते. वडिलांनंतर ती जनूशेठकडे आली होती.

त्या वर्षी गावकी फुटली होती. देवळामागच्या जागेतून एका बिल्डरला रस्ता द्यायचा की नाही, ह्यावर गाव उभं दुभंगलं. रस्ता देऊ नये म्हणणाऱ्यांचे पुढारी शेठचे थोरले भाऊ. शेठ त्यांना दादूस म्हणत आणि रोज दुपारी, ऑफिसात डबा उघडायच्या आधी, त्यांना फोन करून "जेवलास का?" एवढंच विचारत. दोघांची घरं एकाच अंगणात, समोरासमोर. शेठ अर्थातच दादूसच्या बाजूचे. दुसऱ्या बाजूचे पुढारी तुकाराम पाटील. बैठका बंद झाल्या होत्या आणि एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या दुकानातून काडेपेटीसुद्धा घेत नव्हता.

शेठनी सूचना सांगायला सुरुवात केली. "लिवा. संस्थेत भांडन लागलं तरी भांडी चालू राह्यली पायजेत. जो विरोधात हाय त्येच्या घरी पन. आन किल्ली तवर तिसऱ्याकडं, जो कंच्याच बाजूचा नाय. तो तिसरा कोन, ते भांडनाच्या आदी ठरवून ठेवा. भांडन लागल्यावर कोनी तिसरा उरत नाय."

मी ते इंग्रजीत नेलं आणि भांड्यांच्या जागी पत्ते, नोंदी, सेवा असे शब्द घातले. शेठनी वाचून विचारलं, "भांडी कुठं गेली?"

"शेठ, असल्या ठिकाणी ते कसं शोभेल?"

"का? त्यांच्याकडं लग्नं होत नाय?"

तेव्हा भांडी परत आली. टोप, पराती, खोली, किल्ली, सगळं जसंच्या तसं लिहून मी पाठवून दिलं. मला वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही. उलट उत्तर आलं की सूचना करणाऱ्यांची एक ऑनलाइन चर्चा ठेवली आहे, तिथे हे बोलून दाखवाल का?

चर्चेच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. तुकाराम पाटील आमच्या ऑफिसात आले. मी त्यांना प्रथमच बघत होते. उंच, सडपातळ, पांढरी टोपी. गावात शेठच्या दारी जायचं म्हणजे दादूसच्या अंगणातून जाणं आलं, म्हणून एवढ्या लांब उल्हासनगरात आले होते. बसले नाहीत.

"जनू, पोरीची हलद हाय. भांडी लागतील. सांगून ठेवतंव."

शेठ म्हणाले, "बघतू. दादूसला इचारून सांगतू."

"इचारून?" पाटील म्हणाले. "तुजा बापूस कवा कोनाला इचारत व्हता?"

पाणी पुढे केलं होतं, ते तसंच ठेवून ते उतरून गेले. शेठनी फोन लावला. दादूसचं म्हणणं एका वाक्यात संपलं असावं, कारण शेठनी 'बरं' म्हणून लगेच फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुकारामला काय कमी हाय? हितं उल्हासनगरान भाड्यानं मिलतात पायजे तेवढी."

भाड्याची भांडी मिळाली असती, हे खरंच. पण भाड्याच्या टोपात हळदीचं जेवण शिजलं म्हणजे ते घर गावाबाहेर पडलं, असा तिथला समज. पाटलांच्या मुलीची पाठवणी गावातून होणार की गावाबाहेर टाकलेल्या घरातून, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर शेठच्या कमरेच्या जुडग्यात होतं. हे त्यांनीच मला पूर्वी भांडी समजावून देताना सांगितलं होतं.

चर्चेच्या दिवशी कॅमेऱ्यासाठी शेठ केबिनमध्ये, आपल्या खुर्चीवर बसले. सारखे कडेला सरकत होते, परक्याच्या घरी बसल्यासारखे. पडद्यावर चौकटीचौकटीत देशोदेशीची माणसं. मी बाजूला, कॅमेऱ्यात न येईल अशी. शेठचं नाव पुकारलं गेलं. मी लिहून दिलेल्या इंग्रजीतलं निम्मं त्यांनी वाचलं, मग कागद उलटा ठेवला आणि आपल्या इंग्रजीत सुरू झाले. भांडी सगळ्यांची असतात, सर. लग्न थांबत नाही, सर. किल्ली तिसऱ्याकडे पाहिजे, सर. लोक मन लावून ऐकत होते. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

मसुदा लिहिणाऱ्यांपैकी एक पिकल्या केसांची बाई होती. तिने कौतुकानेच विचारलं, तुमच्या गावात सध्याच वाद चालू आहे म्हणालात. मग आत्ता किल्ली कोणाकडे आहे?

मी मराठीत सांगायला वाकले, तर शेठनी हाताने मला थांबवलं.

"विथ मी ओन्ली," ते म्हणाले.

अच्छा, म्हणजे तुम्ही कोणत्याच बाजूचे नाही, असं ती म्हणाली. तिला त्यात काही खोच नव्हती. नुसतं समजून घेत होती. शेठचा हात गुडघ्यावर थांबलेला मी पाहिला. त्यांनी मान खाली घातली, वर केली.

"नो मॅडम. आय ॲम वन साइड."

अडचण नेमकी काय असते ते ह्यामुळे कळलं, आभार, असं ती म्हणाली आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. शेठ उठले नाहीत. सगळ्यांचं बोलणं संपून पडदा रिकामा होईपर्यंत बसून राहिले.

"मॅडम, खोटं बोललो असतो तं चाललं असतं का?"

"चाललं असतं. कोण बघायला येणार होतं?"

"तेच ना," म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

पुढचं मला त्यांच्या बायकोने, वहिनींनी सांगितलं. शेठनी भांडी आपल्या हाताने पाटलांना दिली असती तर तो एका बाजूचा विजय झाला असता. आणि दोन्हीकडचा नसलेला पुरुष गावात औषधालाही उरला नव्हता. पण बायकांचा बचत गट फुटला नव्हता. पुरुष एकमेकांची तोंडं बघत नव्हते आणि दोन्हीकडच्या बायका देवळाच्या ओट्यावर महिन्याला एकत्र बसत होत्या, कारण गट मोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. शेठनी दुसऱ्या दिवशी सकाळी, चार माणसं जमली असताना, किल्ली त्या गटाच्या हवाली केली. आता भांडी मागायची ती बायकांकडे, म्हणाले, माझ्यासकट सगळ्यांनी. दुपारी टोप पाटलांच्या दारात पोचले.

गावातल्या टवाळांनी, जनूनं किल्ली बायकांच्या पदराला बांधली, म्हणून बरेच दिवस करमणूक करून घेतली. शेठना त्याचं काही वाटलं नाही. दादूस मात्र अंगणात येऊन एकच वाक्य बोलले: "आजपासून तुजा माजा काय नाय." मग दार लावून घेतलं. दोघं आजवर एकाही सणाला वेगळे जेवले नव्हते.

ऑफिसात शेठ होते तसेच होते, म्हणजे भांडत होते. फक्त दुपारी डबा उघडायच्या आधी फोन हातात घ्यायचे आणि पुन्हा बाकावर ठेवायचे. मला फार वाईट वाटायचं. कधीही न भेटलेल्या त्या दादूसचा रागही यायचा.

काही महिन्यांनी सुधारलेला मसुदा आला. मी वाचून दाखवला. संस्थेत काहीही बिघडलं तरी सभासदांची सेवा खंडित होऊ नये, वेळ पडली तर दुसऱ्याने ती तात्पुरती चालवावी, असं त्यात नीट लिहिलं होतं.

"आपल्यामुलं?"

"नाही शेठ. बऱ्याच जणांनी हेच म्हटलं होतं."

"बरं झालं. येकट्या जनूचं ऐकून नियम केला असता तं माजा त्यांच्यावरचा भरवसा उडाला असता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आजून येक लिवा. त्या तिसऱ्याची पन मुदत ठरवा. नायतर तोच मालक व्हऊन बसंल." तेही मी पाठवलं.

नंतर मला ठाण्याला नोकरी मिळाली आणि मी ते ऑफिस सोडलं. त्याच सुमारास शेठच्या मुलीची हळद होती. आमंत्रण आलं, मी संध्याकाळी कात्रपहून रिक्षा करून गेले. अंगणभर मांडव, गाणी, कमरेएवढे टोप चुलाण्यांवर चढलेले आणि आचाऱ्यांच्या डोक्यावर स्वतः तुकाराम पाटील उभे. दोन्ही बाजूंचे लोक जेवत होते. रस्त्याचं भांडण मिटलं नव्हतं, पण हळद म्हटल्यावर ते सगळे आले होते. समोरचं घर तेवढं बंद. खिडकीत उजेड होता.

त्या घरची रीत अशी की शुभकार्यात घरच्यांतलं पहिलं ताट थोरल्याचं. किल्ली बायकांकडे गेल्यापासून दादूस गावकीच्या टोपातलं खात नसत, म्हणून वहिनींनी त्यांच्यासाठी घरच्या चुलीवर, घरच्या पातेल्यात थोडं मटण वेगळं शिजवून ठेवलं होतं. मला त्या म्हणाल्या, "ह्येच ताट नेलं तं भावजी नाय म्हननार नाय." शेठनी ते ऐकलं. पुढे झाले, गावकीच्या टोपातलं वाढून घेतलं, वर तांदळाच्या दोन भाकऱ्या ठेवल्या आणि अंगण ओलांडून भावाच्या दाराशी गेले. गाण्याचा आवाज कोणीतरी कमी केला.

"दादूस, जेवन."

आतून आवाज आला. "कंचे भांड्यान शिजवलास?"

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. घरचं आहे म्हणून सांगा, असं त्या हाताने खुणावत होत्या. शेठना ती खूण दिसली.

"गावचे," ते म्हणाले.

"मंग मना नको."

शेठनी ताट उंबऱ्याशी ठेवलं आणि परत यायच्या ऐवजी तिथेच पायरीवर बसले, दाराकडे पाठ करून. पांढऱ्या कपड्यांना हळद लागलेली. मांडवातून हाका आल्या, फोटोवाला येऊन गेला. त्यांनी हात हलवून सगळ्यांना परत पाठवलं. शेवटी मुलगी, तोंडभर हळद माखलेली, उठून गेली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

मला निघायला हवं होतं, रिक्षावाला घाई करत होता. मी मांडवाच्या कडेने जाताना लांबूनच म्हटलं, "येते, शेठ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नेहमीच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "जेवल्याशिवाय जाव नका. आमच्या घरून कोनी उपाशी जात नाय."

दार उघडलं नाही. मी जेवले होते. त्यांनीच मघाशी मला आग्रह करून वाढलं होतं.